रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य : एका विस्मृत शिल्पज्ञाची कामगिरी



एखादी मोठी इमारत दृष्टीस पडली म्हणजे पाहणाराच्या मनात साधारणपणे दोन प्रश्न उभे राहतात. ती कोणी बांधविली, हा पहिला. आणि तीस खर्च किती आला, हा दुसरा. तिचा आराखडा कोणाच्या डोक्यातून निघाला आणि तो कागदावरून जमिनीवर कोणी उतरविला, हा तिसरा प्रश्न विचारणारे फार थोडे. आमच्या रत्नागिरीचेच उदाहरण घ्या. ब्रह्मदेशचा राजा थिबा ह्याचे राज्य १८८५ साली गेले. १८८६ साली त्यास येथे आणून ठेवण्यात आले. आणि १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी खाडीवर दृष्टी जाईल अशा उंचवट्यावर राजवाडा उठला. बाहेरगावचा पाहुणा आला म्हणजे आम्ही त्यास थिबाची सारी करुण कहाणी सांगतो. १९१६ साली तो येथेच वारला, हेही सांगावयास विसरत नाही. परंतु ह्या राजवाड्याचे नकाशे काढणारा कोण, ह्याची चौकशी करणारा पाहुणा अद्याप मला भेटावयाचा आहे.

हा दोष रत्नागिरीपुरता नाही. ज्या मुंबईच्या इमारतींची वर्णने सर्व जगात छापली जातात, तेथेही हाच प्रकार आहे. आज ज्या गृहस्थांविषयी मी बोलणार आहे त्यांचे नाव रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. आपणांपैकी पुष्कळांनी हे नाव प्रथमच ऐकले असेल. आणि तरीही आपणांपैकी क्वचितच कोणी असा असेल की ज्याने त्यांचे काम पाहिले नाही. बोरीबंदर स्टेशनाची भव्य इमारत आपण पाहिली आहे. तिच्या समोरची महानगरपालिकेची इमारत पाहिली आहे. आणि अपोलो बंदरावरचे ताजमहाल हॉटेल, आतून नसले तरी बाहेरून, निश्चितच पाहिले आहे. ह्या तिन्ही इमारतींशी वैद्यांचा संबंध आहे, आणि तिसरीचे तर ते शिल्पज्ञ, म्हणजे ज्यास आज आपण वास्तुविशारद अथवा आर्किटेक्ट म्हणतो ते, होते.

शाळांच्या सहली मुंबईस जातात. मुले परत येतात तेव्हा ताजमहाल हॉटेलाविषयीची एक गोष्ट हमखास बरोबर घेऊन येतात. गोष्ट अशी की, कोणा एका विलायती शिल्पज्ञाने ह्या हॉटेलाचे नकाशे काढले, ते येथील लोकांच्या हवाली केले, आणि तो स्वदेशी निघून गेला. काही वर्षांनी परत येऊन पाहतो तो काय, नकाशा उलटा धरून इमारत उभी केलेली! पुढची बाजू मागे गेली आणि मागची बाजू समुद्राकडे आली. हे पाहताच त्या बिचाऱ्याने जीव दिला. गोष्ट चटकदार आहे, ऐकणारा हळहळतो आणि थोडासा हसतोही. ती खरी मात्र नाही. एवढेच असते तर मी आपला वेळ घेतला नसता, कारण खोट्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. परंतु ह्या गोष्टीने एका मराठी माणसावर दुहेरी अन्याय केला आहे. त्याने केलेल्या कामाचे श्रेय ती एका काल्पनिक परदेशीयास देते. आणि त्याने विचारपूर्वक केलेल्या रचनेस ती अडाण्यांची घोडचूक ठरविते. म्हणून ह्या गोष्टीचा समाचार घेण्यापूर्वी वैद्यांची कामगिरी क्रमाने पाहू.

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या सरकारी व निमसरकारी इमारतींचे पर्व सुरू झाले. नकाशावर सही करणारे शिल्पज्ञ बहुतेक सर्व इंग्रज असत. त्यांच्यात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्याचे नाव अग्रगण्य आहे. इंग्लंडातील बाथ ह्या गावी १८४७ साली जन्मलेला हा गृहस्थ १८६७ साली हिंदुस्थानात आला आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात चढत गेला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य स्थानक आणि तिच्या कचेऱ्या ह्यांसाठी इमारत उभारण्याचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा तो युरोपातील स्थानके पाहून आला व १८७८ मध्ये काम सुरू झाले. ते पुरे होण्यास दहा वर्षे लागली आणि खर्च सोळा लाख रुपयांवर गेला. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव होता, त्या निमित्ताने तिचे नाव स्थानकास देण्यात आले. १९९६ साली त्यास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, आणि २००४ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला.

ह्या कामावर स्टीव्हन्सच्या हाताखाली सहायक इंजिनिअर म्हणून होते ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. त्यांच्याबरोबर जनार्दन आडनावाचे दुसरे एक देशी गृहस्थ देखरेखीवर होते. सहायक इंजिनिअर हे पद ऐकावयास लहान वाटते. त्याचे काम काय असते हे समजल्यावाचून त्याचा मोठेपणा कळणार नाही. मुख्य शिल्पज्ञ इमारतीचे दर्शन काढतो, मजल्यांचे नकाशे काढतो, छेद काढतो. पण गवंडी आणि पाथरवट केवळ त्या चित्रावरून काम करू शकत नाहीत. कमानीचा प्रत्येक दगड कोणत्या कोनात कापावयाचा, खिडकीच्या चौकटीचा गलथा किती खोल घ्यावयाचा, खांबाच्या बैठकीपासून शिरोभागापर्यंतची वळणे कशी असावयाची, ह्यांचे पूर्ण मापाचे नकाशे निराळे काढावे लागतात. जमिनीवर दोरी लावून आखणी करणे, पाया खणला म्हणजे खालची जमीन भार सोसेल की नाही हे पाहणे, घाणीत चुना नीट मळला गेला आहे की नाही हे बोटांनी चोळून पाहणे, आलेल्या दगडांतील कच्चा दगड परत पाठविणे, झालेल्या कामाची मापे वहीत उतरवून कंत्राटदाराचे बिल तपासणे, ही सारी कामे जागेवर राहणाऱ्या इंजिनिअराची. ओळंबा एक सूत चुकला तर पहिल्या मजल्यावर दिसत नाही. तो वर घुमटापाशी दिसतो, आणि तेव्हा उपाय उरलेला नसतो.

बोरीबंदरच्या घुमटाचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. हा घुमट अष्टकोनी असून त्यास दगडी फासळ्या आहेत. दगडाची कमान किंवा घुमट उभारताना सामान्यतः खाली लाकडी साचा, ज्यास आज सर्रास सेंटरिंग म्हणतात तो, उभा करावा लागतो. चुना धरला म्हणजे मग साचा काढून घेतात. ह्या घुमटाच्या फासळ्या एकमेकींत खाचा व खुंट्या अडकवून अशा बसविल्या आहेत की त्यांस साच्याची गरज पडली नाही. ही कल्पना नकाशात सुंदर दिसते. पण जमिनीपासून इतक्या उंचीवर, बांबूच्या पहाडांवर उभे राहून, एकेक दगड त्याच्या खाचेत बिनचूक उतरवून घेणे हे जागेवरच्या माणसाचे काम होय. इमारतीवरील कोरीव काम सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले, त्यात पाने आहेत, पक्षी आहेत, माकडे आहेत. दर्शनी भागावर रेल्वेच्या आरंभीच्या संचालकांचे मुखवटे कोरले असून त्यांत आपले नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई हे दोघे देशी धुरीण आहेत. भांडवल देणारास असा दगडात चेहरा मिळाला, हे योग्यच झाले. परंतु दगड निवडणाराचा चेहरा दगडावर येत नसतो, हा सर्व काळचा न्याय आहे.

स्थानकाचे काम संपते न संपते तोच समोरच्या जागेवर मुंबई म्युनिसिपालिटीच्या इमारतीचे काम चालू झाले. शिल्पज्ञ पुन्हा स्टीव्हन्स. बांधकामाचे कंत्राट व्यंकू बाळाजी काळेवार ह्यांचे. आणि जागेवरची देखरेख पुन्हा आमच्या रावसाहेबांची. कोनशिला १८८४ साली बसली होती आणि इमारत १८९३ साली पुरी झाली. तिचा अंदाजी खर्च ११,८८,०८२ रुपये होता. प्रत्यक्षात ११,१९,९६९ रुपये लागले. म्हणजे ६८,११३ रुपये वाचले. सार्वजनिक इमारतीचा खर्च अंदाजाच्या आत राहावा, ही गोष्ट त्या काळीही नवलाची होती आणि आजही आहे. ह्या बचतीचे श्रेय कोणा एकास देता येणार नाही. पण कंत्राटदाराचे बिल आणि मापांची वही ज्यांच्या हातून जात असे त्या माणसांचा सचोटीचा वाटा त्यात आहे, एवढे म्हणावयास हरकत नाही.

रावसाहेब ही पदवी सरकार आपल्या देशी नोकरांस व प्रतिष्ठितांस देत असे. तिच्या वर रावबहादूर आणि त्याहूनही वर दिवाणबहादूर. म्हणजे सरकारच्या मापाने वैद्य पहिल्या पायरीवरचे गृहस्थ झाले. सरकारी चाकोरीत राहून देशी माणसाने ह्याहून फार वर जाण्याची अपेक्षा तेव्हा करता येत नसे. १९०१ साली मुंबई सरकारने सल्लागार शिल्पज्ञाचे पद दिले ते जॉन बेग ह्यास. त्याचा मदतनीस म्हणून १९०४ साली आला तो जॉर्ज विटेट. जनरल पोस्ट ऑफिस बेगच्या नावावर आहे, गेटवे ऑफ इंडिया विटेटच्या. दोघेही कसबी होते, त्यांच्या कीर्तीबद्दल असूया बाळगण्याचे कारण नाही. मुद्दा इतकाच की, मोठ्या इमारतीच्या नकाशावर देशी माणसाचे नाव यावयाचे तर ते सरकारी कामात येणे कठीण होते. त्यासाठी खाजगी धनी पाहिजे होता, आणि तोही धाडसी पाहिजे होता.

असा धनी जमशेटजी नसरवानजी टाटा ह्यांच्या रूपाने पुढे आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला. पुढील वर्षांत शहराची जी दैना उडाली ती आपण वाचली आहे. कोकणी चाकरमाने बोटीच्या बोटी भरून गावी परतले, गिरण्या ओस पडल्या, व्यापारी दुसरीकडे जाऊ लागले. मुंबईचा भरवसाच लोकांच्या मनातून उठला. अशा वेळी टाटांनी अपोलो बंदरावर, पाण्याच्या काठी, सर्व आशियात नाव होईल असे हॉटेल उभारण्याचे मनात आणले. १८९८ मध्ये जागा घेण्यात आली. लोखंडाचा कारखाना, विजेची योजना, विज्ञानाची संस्था असली कामे मनात असलेल्या गृहस्थाने भटारखाना काढावा, ह्याचे त्यांच्या घरच्या माणसांस नवल वाटले, असे सांगतात. पण टाटांचा हेतू केवळ पैशाचा नव्हता. शहराने धीर धरावा, येथे अजून मोठी कामे होऊ शकतात हे डोळ्यांनी दिसावे, हा त्यामागील विचार होता.

आणि हे काम त्यांनी सोपविले ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा ह्या दोघा देशी शिल्पज्ञांकडे. वीस वर्षे दुसऱ्याच्या नकाशांस देह देणाऱ्या माणसास आता स्वतःची कल्पना मांडण्याची संधी मिळाली. तिचे त्यांनी काय केले ते इमारतच सांगते. मध्यावर मोठा घुमट, चार कोपऱ्यांवर त्याचीच लहान भावंडे शोभतील असे कळस, मधल्या भागात ओळीने निघालेले सज्जे व कमानी. ज्याने बोरीबंदर नीट पाहिले आहे त्यास ह्या घुमटाची ओळख लगेच पटते. पण येथे गॉथिक धाटणीबरोबर राजपुती व मुसलमानी वळणे मिसळलेली आहेत.

इमारत मात्र वैद्यांच्या हातून पुरी झाली नाही. ती तडीस नेली डब्ल्यू. ए. चेंबर्स ह्या इंग्रज इंजिनिअराने. आतला मधला जिना हा ह्या वास्तूतील एक चमत्कारच मानला जातो. पायऱ्या भिंतीत रोवलेल्या असून खाली खांबांचा आधार नसल्यामुळे तो जणू हवेत तरंगतो. ती रचना खानसाहेब सोराबजी रतनजी कंत्राटदार ह्यांची. पॅरिसहून आणलेले पोलादी खांब, विजेचे दिवे, पंखे, पाळणे ही सामग्री टाटांनी स्वतः देशोदेशी हिंडून मिळविली. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले, तेव्हा इमारतीचा काही भागच तयार होता आणि पहिल्या दिवशी उतरलेल्या पाहुण्यांची संख्या होती सतरा. पुढच्याच वर्षी, मे १९०४ मध्ये, टाटा जर्मनीत निवर्तले. आपण लावलेल्या झाडास फळे धरलेली पाहण्यास त्यांस अवघे काही महिने मिळाले.

आता त्या प्रसिद्ध दंतकथेकडे वळू. इमारत उलटी झाली, असे लोकांस का वाटते? कारण आरंभी तिचे मुख्य प्रवेशद्वार समुद्राच्या बाजूस नव्हते, शहराच्या बाजूस होते. इमारतीचा आकार घोड्याच्या नालासारखा आहे. नालाची पाठ पूर्वेकडे, म्हणजे बंदराच्या पाण्याकडे. आणि त्याची उघडी बाजू पश्चिमेकडे, म्हणजे शहराकडे. दोन्ही बाहूंच्या मधल्या मोकळ्या चौकात पाहुण्यांच्या घोडागाड्या येत. पुढे प्रवेशाची वहिवाट समुद्राच्या बाजूने पडली, जुन्या चौकाच्या जागी पोहण्याचा तलाव झाला, आणि मग लोकांस वाटू लागले की पूर्वीची माणसे दिशा चुकली होती.

परंतु शिल्पज्ञाच्या जागी उभे राहून विचार करा. मुंबईचे बंदर शहराच्या पूर्वेस आहे. दुपारचा समुद्रवारा येतो तो पश्चिमेकडून, हे आपणां कोकणवासीयांस सांगावयास नको. हवा थंड करण्याची यंत्रे खोल्याखोल्यांतून असण्याचा तो काळ नव्हता. पश्चिमेकडे उघडा चौक ठेवला म्हणजे तो वाऱ्यास कवेत घेतो व दोन्ही बाहूंतील खोल्यांतून खेळवितो. उलट बंदराचा देखावा, गलबते, पलीकडचे डोंगर, हे पाहण्यासाठी जो पाहुणा पैसे मोजणार त्याची खोली पाण्याकडे हवी. तेथे गाड्यांचा खडखडाट, घोड्यांची लीद आणि सामानाची चढउतार नको. म्हणून गाड्या शहराच्या बाजूस, खोल्या समुद्राच्या बाजूस. ह्यात चूक कोठे आहे?

आणखी एक गोष्ट. आज आपण त्या जागेची कल्पना करतो ती गेटवेच्या कमानीसह. पण हॉटेल उघडले तेव्हा गेटवे नव्हता. त्याची कोनशिला १९१३ साली बसली आणि तो १९२४ साली खुला झाला. म्हणजे हॉटेलानंतर तब्बल एकवीस वर्षांनी. जी कमान अस्तित्वातच नव्हती तिच्याकडे तोंड केले नाही, म्हणून शिल्पज्ञास दोष देणे हे आजोबांनी नातवाच्या लग्नास हजेरी लावली नाही म्हणून रागावण्यासारखे आहे.

आता बोरीबंदरचा नकाशा मनात आणा. त्या इमारतीसही दोन बाहू आहेत. त्यांच्या मधला चौक पश्चिमेकडे, शहराच्या रस्त्याकडे, उघडा आहे. आणि चौकाच्या मध्यावर मागे घुमट आहे. ज्या माणसाने दहा वर्षे त्या चौकात उभे राहून काम करून घेतले त्याने आपल्या स्वतःच्या इमारतीत तोच विचार योजावा, ह्यात नवल कसले? माझ्या मते हा पुरावा सर्वांत बोलका आहे. ताजमहाल हॉटेल उलटे नाही. ते आपल्या शिल्पज्ञाने आयुष्यभर जे शिकले त्याच्याशी अगदी सुलट आहे.

शिवाय ही दंतकथा टिकून राहावयास एक गैरहजर परदेशी माणूस लागतो, ज्याने नकाशे पाठविले आणि पाठ फिरविली. वस्तुस्थितीत होता तो हजर असलेला देशी माणूस, ज्याचे सारे आयुष्य जागेवर उभे राहण्यात गेले होते. खरोखरच गैरहजर असलेल्या शिल्पज्ञाचे उदाहरण मुंबईत आहे, पण ते निराळे. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा ह्यांचे नकाशे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्याने विलायतेत बसून काढले. तो मुंबईस कधीच आला नाही. तरी २८० फुटांचा तो मनोरा १८७८ साली सरळ उभा राहिला, उलटा झाला नाही. कारण तो उभारणारी माणसे येथे होती. पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या ज्या चोवीस मूर्ती त्या मनोऱ्यावर आहेत, त्या घडविणारे रावबहादूर मुकुंद रामचंद्र हेही एक सहायक इंजिनिअरच होते. येथील माणूस नकाशा उलटा धरील, ही कल्पना ज्यांच्या मनात सहज रुजते त्यांनी ह्या मनोऱ्याखाली एकदा उभे राहावे.

अशा दंतकथा केवळ आपल्याकडेच आहेत असे नाही. स्कॉटलंडात ग्लासगो येथे केल्व्हिनग्रोव्ह नावाचे कलासंग्रहालय आहे. ते १९०१ साली उघडले, म्हणजे ताजच्या दोनच वर्षे आधी. तेही उलटे बांधले गेले आणि त्याच्या शिल्पज्ञाने मनोऱ्यावरून उडी घेतली, असे तेथील लोक सांगतात. प्रत्यक्षात त्याच्या दोघा शिल्पज्ञांपैकी जॉन सिम्प्सन हे पुढे लंडनच्या वेंब्ली क्रीडागाराचे एक शिल्पज्ञ झाले, आणि १९३३ पर्यंत जगले. आणि दूर कशास जावे? ज्या आग्र्याच्या ताजमहालावरून ह्या हॉटेलाचे नाव पडले, त्याच्या कारागिरांचे हात शहाजहानने तोडविले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्या उस्ताद अहमद लाहोरीस त्याचा शिल्पज्ञ मानतात त्यालाच पुढे दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या कामावर शहाजहानने नेमले. हात तोडलेल्या माणसांस कोणी नवी कामे देत नाही. पण तोडलेल्या हातांची गोष्ट घराघरांत पोहोचली आणि उस्ताद अहमदचे नाव पंडितांच्या ग्रंथांत राहिले. दोन ताजमहाल, दोन दंतकथा आणि दोन विसरलेले शिल्पज्ञ. हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

असे का होते? मला वाटते, लोकांस काम समजण्यापेक्षा शोकांत सोपा वाटतो. ओळंबा, चुना, मापांची वही आणि वीस वर्षांची उमेदवारी ह्यांची गोष्ट सांगावयास वेळ लागतो. उडीची गोष्ट एका वाक्यात संपते. दुसरे कारण अधिक कटू आहे. उत्तम ते परकीयांचे आणि चुकले ते आपल्या लोकांचे, ही समजूत पारतंत्र्याच्या काळी आपल्या हाडीमासी खिळली होती. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण कित्येक गोष्टींतून ती समजूत अजून डोकावते. ह्या दंतकथेत शहाणा कोण, तर विलायती शिल्पज्ञ. मूर्ख कोण, तर येथील गवंडी. आपण ती हसत हसत आपल्याच मुलांस सांगतो.

उलट बाजूनेही अतिरेक होऊ नये. वैद्यांनी सर्व काही एकट्याने केले, असे म्हणणे म्हणजे एका दंतकथेच्या जागी दुसरी बसविणे होय. बोरीबंदरची कल्पना स्टीव्हन्सचीच होती. त्याचे श्रेय त्यालाच. ताजच्या रचनेत मिर्झांचा वाटा आहे, जिन्यात सोराबजींचा आहे, शेवट तडीस नेण्यात चेंबर्सचा आहे; आणि ज्यांची नावे कोणत्याच कागदावर चढली नाहीत अशा पाथरवटांचा, गवंड्यांचा व चुना वाहणाऱ्या बायांचा तर आहेच. मोठी वास्तू ही नेहमीच पुष्कळांची असते. मागणे इतकेच की, त्या पुष्कळांत ज्याचे स्थान अग्रभागी होते त्याचे नाव गळू नये.

त्या वास्तूने पुढे काय काय पाहिले! पहिल्या महायुद्धात तिचे सहाशे खाटांचे रुग्णालय झाले. २००८ सालच्या नोव्हेंबरात तिच्यावर जो भीषण प्रसंग आला तो आपण सर्वांनी पाहिला. घुमटाखालून निघणाऱ्या ज्वाळा आणि धुराचे लोट घरोघरी दिसत होते. अनेक निरपराध माणसे प्राणांस मुकली. त्या आगीतूनही वास्तू उभी राहिली, आणि दुरुस्तीनंतर जुना भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला. शंभर वर्षांपूर्वी घातलेला पाया आणि उचललेल्या भिंती किती प्रामाणिक होत्या, ह्याची ह्याहून कठोर परीक्षा कोणती असू शकेल? ज्यांनी तो पाया आखला त्यांच्याविषयी, नकाशा उलटा धरणारी माणसे, असे आपण ह्यापुढे तरी म्हणू नये.

सीताराम खंडेराव वैद्य ह्यांच्या कामगिरीपासून घेण्याजोगा धडा मला साधा वाटतो. माणूस दीर्घकाळ दुसऱ्याच्या हाताखाली राहिला म्हणून त्याची बुद्धी दुय्यम ठरत नाही. वैद्यांनी उमेदवारीची वर्षे वाया घालविली नाहीत. जे जे पाहिले ते मनात साठविले, आणि संधी येताच ते स्वतःच्या रीतीने मांडून दाखविले. ती संधी त्यांस देणारा धनीही तितकाच धन्य होय.

तेव्हा ह्यापुढे आपण मुलाबाळांस घेऊन अपोलो बंदरावर जाल, तेव्हा गेटवेकडे पाठ करून क्षणभर त्या घुमटाकडे पाहा. मुलांनी ती उलट्या इमारतीची गोष्ट काढली, तर त्यांस हॉटेलाच्या मागल्या रस्त्यास घेऊन जा आणि पश्चिमेच्या वाऱ्याची दिशा दाखवा. मग नकाशा त्यांच्या आपोआप ध्यानात येईल. आणि त्याबरोबर नावही सांगा : रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. आपल्या गावातील जुना पूल, कचेरी, शाळा किंवा देऊळ पाहतानाही तो तिसरा प्रश्न विचारण्याची सवय मुलांस लागली, तर आजच्या ह्या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.